कोशिंबाचं लाल पान चांदीवर: एका साडीपिनेचं प्रकरण

मार्चचा दुसरा आठवडा होता. एक निवृत्त शिक्षिका पोळीचा डबा घेऊन माझ्या कामाच्या खोलीत आल्या. डब्यात ओला रुमाल आणि रुमालात कोशिंबाची कोवळी पालवी. "आंबा घाट उतरून साखरप्याकडे जाताना हे झाड लागतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं माहेरी जाताना बघतेय. ह्याचं एक पान मला साडीला लावायचंय. चांदीचं, मीना केलेलं. आणि लाल म्हणजे हाच लाल हवा बरं का."

मी कोल्हापुरात गेली ११ वर्षं चांदीवर मीनाकाम करते, म्हणजे दळलेली रंगीत काच धातूवर भरून भट्टीत भाजते. त्या दिवशी मी "करून देते" म्हणाले, १८ तासांचं काम धरलं, ९,५०० रुपये सांगितले आणि एप्रिलअखेरची तारीख दिली. पिन तयार झाली जूनच्या शेवटी, ६१ तासांनी. मधल्या काळात तीन पानं मोडीत गेली. ती का गेली आणि चौथं का टिकलं हे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण मीनाकाम शिकू पाहणाऱ्या मुली मला सगळ्यात जास्त लाल रंगाबद्दलच विचारतात.

आधी झाडाबद्दल. कोशिंब, काही भागांत कुसुंब, हे आपल्या सह्याद्रीतलं आणि कोकणातलं पानझडी झाड. फेब्रुवारी सरता सरता त्याला नवी पालवी फुटते आणि ती इतकी लाल असते की लांबून बघणाऱ्याला झाड फुललंय असंच वाटतं. हा लाल फार टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत पानं तांबूस होतात आणि मग साधी हिरवी. पान संयुक्त असतं, पर्णिकांच्या दोन ते चार जोड्या समोरासमोर, आणि टोकाला एकटी पर्णिका नाही. टोकाची जोडी सगळ्यात मोठी, देठाकडे लहान लहान होत जातात. दागिन्याच्या दृष्टीनं हा आकार फार सोयीचा आहे, कारण पिनेचा तोल आपोआप टोकाकडे जातो आणि पान साडीवर खाली वाकून बसतं, अगदी झाडावरच्या कोवळ्या पालवीसारखं.

आता लालबद्दल. चांदीला निळा आणि हिरवा प्रिय आहे. हिमाचलातलं कांगड्याचं जुनं चांदीकाम बघा, सगळं निळं-हिरवं. माझीही बहुतेक कामं त्याच रंगांत असतात: खंड्याची पाठ, शेवाळलेला दगड, कारवीचं जांभळसर फूल. लाल हा सोन्याचा रंग. जयपूरच्या मीनाकारीत सोन्यावरचा लाल प्रसिद्ध आहे, आणि तिथेही तो सगळ्यांत शेवटी भाजतात, कारण तो आधीच्या रंगांचा ताप सहन करत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी होकार दिला, कारण ते पान टेबलावर होतं आणि मला ते करायचं होतं. बाईंना त्याच दिवशी सांगायला हवं होतं की चांदीवर लाल ही गोष्ट सोपी नाही आणि रंगाची खात्री मी देऊ शकत नाही. ते सांगितलं नाही. ह्या प्रकरणातली पहिली चूक तीच.

डब्यातली पालवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तपकिरी पडली. मोबाइलवर काढलेले फोटो बघितले तर प्रत्येकात वेगळा लाल. म्हणून शनिवारी एसटीनं घाटाखाली गेले, जलरंगांची पेटी आणि कागद घेऊन. तिथे जे दिसलं त्यामुळे पुढचं सगळं काम बदललं. सूर्य पाठीशी घेऊन झाडाकडे पाहिलं तर पानं विटकरी, थोडी मळकटच होती. झाडाखाली जाऊन वर पाहिलं आणि तीच पानं पेटली. बाई ज्याला "हाच लाल" म्हणत होत्या तो पानाच्या अंगावरचा रंग नव्हताच. तो पानातून गाळून आलेला सूर्यप्रकाश होता. मी सहा पट्ट्या रंगवल्या, तीन उन्हाकडून आणि तीन झाडाखालून, आणि प्रत्येकीवर वेळ लिहिली. त्या पट्ट्या पुढे तीन महिने भट्टीसमोरच्या भिंतीवर होत्या.

प्रकाश आरपार जायला हवा म्हटल्यावर डोक्यात पहिल्यांदा आला तो खिडकीचा मीना. ह्यात धातूची फक्त चौकट असते, मागे पत्रा नसतो, आणि रंगीत काच चौकटीत अधांतरी बसते. फ्रान्समध्ये रने लालिक ह्या दागिने घडवणाऱ्या कलाकारानं ह्या पद्धतीनं केलेले चतुराचे पंख जगप्रसिद्ध आहेत; बाईचं धड आणि चतुराचे पंख असलेला त्याचा १८९७-९८ च्या सुमाराचा दागिना लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. निसर्ग दागिन्यात कसा आणावा हे शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही असं मला वाटतं. पंख दिसतो कसा एवढ्यावर तो थांबला नाही, पंख उजेडाशी काय करतो ते त्यानं पाहिलं. मी १२ मिलिमीटरची एक छोटी खिडकी करून पाहिली. खऱ्या खिडकीशी धरली तर अप्रतिम. मग ती माझ्या गडद हिरव्या इरकलीवर ठेवली आणि ती आमसुलासारखी काळी पडली. साडीवर टेकलेल्या काचेमागून उजेड येणार कुठून? केसांत, कानांत, जिथे दागिना मोकळा लटकतो तिथे खिडकीचा मीना शोभतो. साडीपिनेला नाही. तो विचार एका संध्याकाळीत संपला.

उरला दुसरा मार्ग. चांदीच्या पत्र्यावर बारीक कोरीवकाम करायचं आणि त्यावर पारदर्शक मीना चढवायचा. उजेड काचेतून आत शिरतो, चांदीवर आपटतो आणि काचेतूनच परत डोळ्यांकडे येतो. कोरलेल्या रेघा खोल तिथे काच जाड आणि रंग गडद, रेघा उथळ तिथे फिकट. ही पद्धत इटलीत सिएनाच्या सोनारांनी १३ व्या शतकाच्या अखेरीला पुढे आणली. गुच्चो दी मन्नाइया ह्या कारागिरानं पोप चौथे निकोलस ह्यांच्यासाठी घडवलेला चषक आजही असिसीला आहे, आणि चांदीवरचा पारदर्शक मीना म्हणजे काय हे त्यावरून कळतं. विसाव्या शतकाच्या मध्यात नॉर्वेतल्या कारागिरांनी चांदीच्या पानांच्या पिना अशाच केल्या, फक्त रेघा यंत्रानं कोरून. म्हणजे पानाच्या मागे सूर्य नसला तरी चालतं, मागचा धातूच सूर्याचं काम करतो. मी ह्या वाक्यावर खूश झाले. त्यातली खोच मात्र तिसरं पान मोडीत गेल्यावर कळली: तो सूर्य कुठल्या रंगाचा आहे?

पहिल्या पानाचा पत्रा मी हुपरीतून आणला. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणांसाठी आणि एकूण चांदीकामासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले एक वयस्क कारागीर माझं घडणीचं काम करतात. मी त्यांना आप्पा म्हणते. संपूर्ण संयुक्त पान एकाच पत्र्यात, ६० मिलिमीटर लांब, ९२५ टंचात कापलं. ९२५ ह्यासाठी की शुद्ध चांदी मऊ असते आणि पिनेला ताकद हवी. आप्पा तेव्हाच म्हणाले, "ताई, ह्यात तांबं हाय. तुमची काच तांब्यासंगं भांडणार." मी म्हटलं, मी वरचं तांबं काढून घेते.

ते काढायची रीत अशी. ९२५ टंच म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक वेळा तांबं. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवला की पृष्ठभागावरचं तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून काळं पडतं. तो कोमट, पातळ सल्फ्युरिक ॲसिडात टाकला की ते काळं विरघळतं आणि चांदी तशीच राहते. पितळी ब्रशनं घासायचं, परत तापवायचं, परत बुडवायचं. सहा-सात वेळा केलं की पत्र्यावर जवळजवळ शुद्ध चांदीची पांढरी साय येते. मी सात वेळा केलं. पत्रा दुधासारखा पांढरा झाला. मग लाखेवर बसवून शिरा कोरल्या, बिनरंगी मीन्याचा थर दिला, भाजला, आणि प्रत्येक शिरेच्या कडेनं राखाडी धूर दिसायला लागला. साय काही मायक्रॉनचीच असते. माझी कलम ती फाडून खालच्या मिश्र धातूपर्यंत गेली होती. आधी साय आणून मग कोरलं, हा क्रमच उलटा. शिवाय देठाजवळ पिनेचा कोयंडा बसवताना दिलेला डाग (धातूचे भाग जोडायला वितळवून लावतात तो धातू) भट्टीत परत पाझरला आणि काचेत बुडबुडे आले. ९२५ टंच चांदी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळायला लागते, मीना भाजायचा ७८० ते ८२० ला, आणि नेहमीचा डाग त्याच्याही खूप खाली. ह्या तिघांना एका भट्टीत घालणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

(लाखेचा उल्लेख आला म्हणून एक सांगते. लाखेचे किडे पळसावर, बोरीवर आणि कोशिंबावर पोसले जातात, आणि कोशिंबावरची कुसमी लाख सगळ्यांत फिकट रंगाची आणि उत्तम मानली जाते. मी जे पान कोरत होते ते त्याच झाडाच्या लाखेवर घट्ट बसलेलं असणं शक्य आहे. हे लक्षात आल्यावर मी थोडा वेळ काम थांबवून नुसती बसून राहिले.)

दुसऱ्या पानाला शुद्ध चांदी घेतली. ती ९६२ अंशांना वितळते, म्हणजे भट्टीत भरपूर मोकळीक, आणि तांब्याचा प्रश्नच नाही. कोरीवकाम सुरेख झालं. मऊ चांदीवर कलम लोण्यातून जावी तशी जाते आणि रेघेच्या तळाशी आरशासारखी चमक राहते. मग घाई केली. पारदर्शक लाल थेट चांदीवर भरला आणि ७९० ला दोन मिनिटं भाजला. भट्टीतून बाहेर काढल्यावर लाल मीना आधी काळाच दिसतो, थंड होताना रंग उमलतो, आणि तो अर्धा मिनिट मला अजूनही श्वास रोखून बघावासा वाटतो. ह्या वेळी उमलला तो मातकट नारिंगी. शिळ्या चहाचा रंग.

ह्यामागचं कारण मला फार आवडतं, रंग वाया गेला तरी. तापलेल्या काचेत चांदी स्वतः शिरते आणि काचेला पिवळा रंग देते. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांमध्ये १४ व्या शतकापासून पिवळा रंग असाच आणलेला आहे, काचेवर चांदीचा क्षार लावून आणि भाजून. म्हणजे जे त्यांनी मुद्दाम केलं ते माझ्या पानात न सांगता झालं: लालमध्ये पिवळा मिसळला. निळ्या-हिरव्यात असा थोडा पिवळा खपून जातो. लाल आणि गुलाबी लगेच मळतात.

उपाय जुना आणि माहितीचा आहे. चांदी आणि लाल ह्यांच्यामध्ये बिनरंगी मीन्याचा थर द्यायचा. इथे मात्र मी शहाणपण केलं आणि पान न बनवता आधी चाचणीपट्ट्या बनवल्या, शुद्ध चांदीच्या, प्रत्येकी बोटाच्या नखाएवढ्या, १४. दोन कारखान्यांचे चार लाल, बिनरंगी थर एक आणि दोन, तापमान ७६० ते ८१०. प्रत्येकीच्या पाठीवर सुईनं क्रमांक. ह्या १४ पट्ट्यांना नऊ तास लागले आणि ह्या प्रकरणातले ते सगळ्यांत सार्थकी लागलेले नऊ तास आहेत. कोणी शिकत असेल तर माझं ठाम मत सांगते: चाचणीपट्टी न करता गिऱ्हाइकाच्या दागिन्यावर लाल चढवू नका.

मीना धुण्याबद्दल इथेच लिहिते, कारण पट्ट्यांमध्ये सगळ्यात मोठा फरक त्यानंच पडला. दळलेला मीना अकीकाच्या खलात पाण्यात घोटायचा आणि वर येणारं दुधाळ पाणी ओतून द्यायचं. परत पाणी, परत ओतणं, पाणी नितळ होईपर्यंत. ते दुधाळ पाणी म्हणजे काचेची अतिबारीक धूळ, आणि तीच भाजल्यावर पारदर्शकपणा घालवते. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनीही काच धूसर होते, म्हणून शेवटचे दोन हात डिस्टिल्ड पाण्याचे. तीन वेळा धुतलेला आणि आठ वेळा धुतलेला एकच लाल शेजारी ठेवला तर कोणाला ते दोन वेगळे रंग वाटतील. आणि कोरडी काच दळताना मास्क लावा. जुन्या मीन्यात शिसं असतं.

बिनरंगी थराच्या पट्ट्यांवर चहाचा रंग गेला. आला तो डाळिंबाच्या दाण्याचा. सुंदर, थंड, किंचित गुलाबी. पण भिंतीवरच्या माझ्या झाडाखालच्या पट्टीशी तो जुळेना. मला वाटलं, गडद केला की जुळेल. म्हणून तिसऱ्या पानावर लालचे चार थर चढवले. चौथ्या भाजणीनंतर पान जाळीवर ठेवलं, हात धुवायला गेले आणि मागून टिक् असा आवाज आला. देठाजवळून टोकापर्यंत एक तिरकी भेग.

भेगेचं गणित साधं होतं आणि मी ते केलं नव्हतं. तापवलेली चांदी थंड होताना काचेपेक्षा जास्त आखडते. ६० मिलिमीटरचा पत्रा भट्टीतून खोलीच्या तापमानाला येताना जवळजवळ एक मिलिमीटर आखूड होतो. काच तेवढी होत नाही, त्यामुळे ती दाबली जाते. पातळ काच हा दाब सहज सोसते, उलट थोड्या दाबानं ती मजबूतच होते. पण पुढे चार-पाच थर आणि पाठीवर नाममात्र एक थर असला की पत्रा वाकायला बघतो, आणि पर्णिका जिथे देठाला मिळतात त्या आवळलेल्या जागी सगळा ताण गोळा होतो. पाठीमागचा मीना कुणाला दिसत नाही म्हणून तो हलका करायचा मोह होतो. तो पुढच्याइतकाच जाड हवा.

हुपरीला गेले तेव्हा आप्पांना भेगेचं पान दाखवलं. त्यांनी ते उजेडाशी धरलं, उलटं केलं, देठ बोटानं चाचपला. म्हणाले, "झाडाचं पान असं एका पत्र्याचं असतंय व्हय? दलं येगळी, देठ येगळा. दलं सुटी भाजा. देठ मी घडवतो. खडा बसवतो तशी दलं बसवू." मी तीन महिने काच, तापमान आणि टंच ह्यांच्यात अडकले होते, आणि त्यांनी पान पाहिलं. संयुक्त पानाची रचनाच त्यांनी दागिन्याची रचना केली. पर्णिका शुद्ध चांदीच्या, सुट्या, सगळ्यांत मोठी ३४ मिलिमीटर. देठ आणि मागची चौकट ९२५ टंचाची, मजबूत, डाग दिलेली, आणि भट्टीचं तोंडही न बघणारी. पर्णिका तयार झाल्यावर पातळ काठ दाबून त्या कोंदणात बसवायच्या. तांबं, डाग आणि भेग हे तिन्ही प्रश्न एका वाक्यात सुटले.

रंगाचा प्रश्न राहिला, आणि तो सुटला डाळिंबी पट्टीकडे बघता बघता. पारदर्शक लाल मीन्याला बहुतेक वेळा रंग येतो तो काचेत विखुरलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. अशी काच लालबरोबर थोडा निळा उजेडही जाऊ देते. चांदी हा सगळे रंग प्रामाणिकपणे परत करणारा धातू, म्हणून तो निळाही परत येतो आणि लाल गुलाबीकडे झुकतो. माझ्या पानामागचा सूर्य पांढरा होता, थंड होता. मार्चमधला कोकणातला सूर्य तसा नसतो. सोनं निळा उजेड गिळतं, पिवळा आणि लाल परत करतं. लाल हा सोन्याचा रंग आहे असं जुने लोक म्हणतात त्यात मान-मरातबाचा भाग असेल, पण त्यात हे कारणही आहे, आणि मला ते माझ्या हातानं कळायला इतके दिवस लागले.

म्हणजे चांदी आणि लाल ह्यांच्यामध्ये सोन्याचा पातळ पापुद्रा हवा. घरात मिठाईचा सोन्याचा वर्ख होता, तो लावून पाहिला. भट्टीत तो फाटून नुसते ठिपके राहिले, वर्ख त्यापेक्षा कितीतरी जाड हवा. कुंदनकाम करणारे शुद्ध सोन्याची पत्ती वापरतात. पुण्यातल्या एका कुंदनकाम करणाऱ्या काकांकडून ती घेतली आणि आणखी थोडी ठोकून पातळ केली. बिनरंगी मीन्याच्या भाजलेल्या थरावर पत्ती डिंकाच्या पाण्यानं चिकटवली, आतली वाफ निघायला सुईनं शेकडो बारीक छिद्रं पाडली, भाजली, गरम असतानाच हलकेच दाबली. तिच्यावर आठ वेळा धुतलेल्या लालचे दोनच पातळ थर.

एक अडचण आली आणि तिनंच पान जिवंत केलं. पत्ती सपाट बसते, त्यामुळे खाली कोरलेल्या शिरा झाकल्या जातात. म्हणून मी पत्ती अखंड न लावता शिरांच्या मधल्या जागांच्या आकारात कापली, अगदी चिमुकले तुकडे, आणि शिरांवर फटी ठेवल्या. त्या फटींत लालच्या खाली फक्त बिनरंगी थर आणि त्याखाली चांदी. सोन्यावर ऊबदार लाल आणि शिरांवर तोच लाल थंड, फिकट, डाळिंबी. कोशिंबाच्या कोवळ्या पानात शिरा पानापेक्षा फिकट दिसतात. माझ्या जलरंगाच्या पट्ट्यांवर मी तशी नोंदही केली होती आणि विसरले होते. देठाकडच्या लहान जोडीला सोनं कमी लावलं. चार पर्णिका, पत्ती कापायलाच सात तास. शेवटी कुरुंदाच्या बारीक दगडानं पाण्याखाली घासून काच सपाट केली आणि एक झटपट भाजणी देऊन चमक परत आणली.

आप्पांनी देठ एका जाड तारेतून ओढून काढला, टोकाकडे निमुळता, आणि तळाला जिथे पान फांदीपासून सुटतं तिथे असते तशी किंचित फुगीर गाठ ठेवली. मी सांगितली नव्हती. पूर्ण पिन ११ ग्रॅमची झाली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा कोल्हापुरात सलग तिसऱ्या दिवशी पाऊस होता. त्यांनी पिन पदराला लावली, आरशात पाहिलं, दाराशी जाऊन बाहेरच्या उजेडात पाहिलं. ढगाळ उजेडात पान मंद होतं, विटकरीच जवळजवळ. "छान आहे हो," त्या म्हणाल्या, आणि त्या "हो"वरून मला कळलं की त्यांचा लाल त्यांना दिसलेला नाही. माझ्या पोटात गोळा आला. मी टेबलावरचा दिवा तिरपा करून पिनेवर धरला. पर्णिका आतून उजळल्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "झाडसुद्धा पावसात असंच असतं की. आता तर हिरवं झालं असेल." ठरलेलेच पैसे मी घेतले. वाढलेले ४३ तास माझ्या शिकण्याचे होते, ते त्यांच्या बिलात घालणं मला योग्य वाटलं नाही. आता मात्र लाल रंगाच्या प्रत्येक कामाला चाचणीपट्ट्यांचे पैसे मी आधीच वेगळे सांगते, आणि पट्ट्या गिऱ्हाइकाला उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली दाखवूनच पुढे जाते.

आठ महिन्यांनी पिन दुरुस्तीला परत आली. टोकाच्या एका पर्णिकेच्या कडेचा टवका उडाला होता. पिन उघडताना अंगठा साहजिकच त्या पर्णिकेवर टेकत होता, रोजच्या दाबानं कोंदणाचा काठ थोडा दबला आणि काच सुटली. दोष आराखड्याचा, माझा. पर्णिका कोंदणातून काढता आली म्हणून एकटीच परत भरून भाजता आली. अखंड पत्रा असता तर सगळंच संपलं होतं. आप्पांनी देठाच्या गाठीमागे बोट टेकायला एक छोटी चपटी जागा करून दिली, आणि तेव्हापासून माझ्या सगळ्या पिनांना ती असते.

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी बाईंचा घाटाखालून फोन आला. गाडी बाजूला लावून त्या झाडाखाली उभ्या होत्या, एका हातात पिन आणि दुसऱ्या हातात फांदी. "जुळतंय का?" मी विचारलं. थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. "वरच्या पानांशी जुळतंय," त्या म्हणाल्या. "खालची आता तांबूस व्हायला लागलीत. ती जास्तच सुंदर दिसतात गं. त्यांच्या कुड्या होतील का?"

संध्याकाळी त्या परस्पर माझ्याकडे आल्या. डबा तोच होता, रुमालही तोच. तांबूस पानाची पट्टी मी उजेड जायच्या आत गच्चीवर रंगवून घेतली. तिच्यासाठी केलेली चाचणीपट्टी क्रमांक १५ सध्या भिंतीवर आहे. तिच्यात सोन्याची पत्ती अर्धीच लावलीय, आणि उरलेल्या अर्ध्यात लाल मुद्दाम थेट चांदीवर भरून पाहते आहे.